परजीवींच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून वंशवृक्ष: प्रोजेक्ट नेमका कुठे फसतो आणि कोणत्या क्रमानं करायचा

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांमध्ये एमएस्सी प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी हिवतापाच्या किंवा गोचीड तापाच्या परजीवीचा वंशवृक्ष हा विषय हल्ली बरीच मुलं घेतात. कारण उघड आहे. रसायनं लागत नाहीत, यंत्रं लागत नाहीत, सिक्वेन्स फुकट आणि सॉफ्टवेअरही फुकट. मार्च उजाडला की मग सुरू होतं, "सर, ट्री तर बनून राहिला, पण गाय मधातच कशी आली?"

गाय मध्ये येते, फाल्सिपेरम (माणसाच्या हिवतापाचा एक परजीवी) कोंबडीच्या परजीवीला जाऊन चिकटतो, नाहीतर सगळ्या फांद्यांवर १०० लिहून येतं आणि अर्थ काहीच निघत नाही. यातली चूक झाड काढताना झालेली नसते, ती आधीच्या पायऱ्यांवर झालेली असते. मुलांच्या डोक्यात पाठ्यपुस्तकातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतो: गोल, साधारण १६ हजार बेस, ३७ जनुकं. ते वर्णन माणसाचं आणि गाईचं आहे. एकपेशीय परजीवींना ते लावलं की पुढचं सगळं वाकडं जातं.

हा लेख आधीच प्रसिद्ध झालेल्या सिक्वेन्सवर संगणकात करायच्या कामापुरता आहे. स्वतः रक्ताचे नमुने घ्यायचे असतील तर माणसांसाठी नैतिकता समितीची लेखी परवानगी आणि जनावरांसाठी पशुवैद्यक हवाच. त्यासाठी एक सेमिस्टर पुरत नाही.

## १. आधी विचारा: याच्यात हा डीएनए आहे का, आणि कोणत्या रूपात?

या पायरीला दोन दिवस द्या. बहुतेक जण दोन मिनिटंही देत नाहीत.

मुळीच नाही असे. आमांशाचा अमिबा (एन्टअमिबा हिस्टोलिटिका), जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम आणि ट्रायकोमोनास ही नावं प्रोजेक्टच्या यादीत हमखास असतात, कारण हे आजार आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. पण यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं आकसून मायटोसोम किंवा हायड्रोजेनोसोम झालेलं आहे आणि त्यात डीएनए उरलेला नाही. त्यांची काही जुनी मायटोकॉन्ड्रियल प्रथिनं आता केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. म्हणजे जिआर्डियाचा सायटोक्रोम बी (वंशवृक्षासाठी नेहमी वापरलं जाणारं मायटोकॉन्ड्रियल जनुक) शोधायला बसलात तर जे सापडेल ते जिआर्डियाचं नसेल. ब्लास्टोसिस्टिस मात्र या यादीत टाकू नका. त्याच्या अवयवाचंही बरंच काही गेलं आहे, सायटोक्रोमची जनुकं गेली आहेत, पण सुमारे २८-२९ हजार बेसचा गोल डीएनए शिल्लक आहे.

अगदी छोटा, पण आहे असे. हिवतापाच्या प्लाझमोडियमचा मायटोकॉन्ड्रियल जिनोम जेमतेम ६ हजार बेसचा आहे. प्रथिनांची जनुकं तीनच: सायटोक्रोम बी, कॉक्स-१ आणि कॉक्स-३. रायबोसोमल आरएनएची जनुकं वीसहून अधिक बारीक तुकड्यांत विखुरलेली आहेत. टीआरएनएचं एकही जनुक नाही, ते पेशीद्रवातून आत आणले जातात. रूप गोल नसून सरळ, आणि एकामागे एक त्याच प्रती जोडलेल्या.

आपल्याकडच्या संकरित गाईंना गोचिडांमुळे होणारा थायलेरिया आणि त्याचा भाऊबंद बॅबेसिया यांच्याकडेही हीच तीन प्रथिनं आहेत. पण डीएनए सुट्टा आणि सरळ, दोन्ही टोकांना उलटसुलट पुनरावृत्ती असलेला. जनुकांची मांडणीही प्लाझमोडियमपेक्षा वेगळी. थायलेरियावर बुपारवाक्वोन हे औषध चालतं, ते नेमकं सायटोक्रोम बीवर काम करतं. म्हणून या जनुकातले बदल पशुवैद्यकांच्याही कामाचे असतात. गाईगुरांच्या भागातल्या मुलांनी हा विषय जास्त घ्यावा असं मला वाटतं, पण सगळ्यांना हिवतापच हवा असतो.

तुकड्यातुकड्यांत असलेला. टोक्सोप्लाझ्मा नवशिक्यांनी घेऊ नये. त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए २१ लहान खंडांचा आहे आणि ते खंड वेगवेगळ्या रेणूंत वेगवेगळ्या क्रमानं जोडलेले सापडतात. त्यात भर म्हणजे याच डीएनएचे असंख्य तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांवरही जाऊन बसलेत. हाती आलेला तुकडा खरा की केंद्रकातली मेलेली प्रत, हे ठरवण्यातच वर्ष जाईल.

जाळ्यासारखा. ट्रिपॅनोसोमा आणि लेशमॅनिया यांचा किनेटोप्लास्ट डीएनए हजारो लहान आणि काही डझन मोठ्या वर्तुळांचा असतो, साखळीच्या कड्यांसारखा एकमेकांत अडकलेला. आपल्याला लागणारी जनुकं मोठ्या वर्तुळांत असतात. पण तिथला डीएनए वाचून प्रथिन कळत नाही, कारण आरएनए बनल्यावर त्यात शेकडो जागी यू हा बेस घातला किंवा काढला जातो. ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या १८ पैकी १२ जनुकांत असं संपादन होतं. कॉक्स-३ मध्ये तर अंतिम संदेशातले निम्म्याहून जास्त बेस अशा रीतीनं येतात.

इथे विदर्भाचा खास फासा आहे. जनावरांतल्या सर्रा रोगाच्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा माणसातला पहिला पक्का नोंदलेला रुग्ण चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी होता. त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे 'इव्हान्सायचा मायटोकॉन्ड्रियल वंशवृक्ष' हा विषय मुलांना आपल्या घरचा वाटतो. पण इव्हान्सायनं मोठी वर्तुळं गमावलेली आहेत. लहान वर्तुळं आहेत, सायटोक्रोम बी नाही, कॉक्स नाही. या विषयावर चार महिने गेले की हाती बहुतेक वेळा गाईचा सायटोक्रोम बी येतो.

> तपासणी: वहीत तीन ओळी लिहा. डीएनए आहे की नाही. लांबी साधारण किती. प्रथिनांची जनुकं कोणती. तिन्ही ओळी भरता येत नसतील तर विषय बदला, अजून वेळ आहे.

## २. प्रश्न एका वाक्यात लिहा

'प्लाझमोडियमची उत्क्रांती' हा प्रश्न नाही. 'माणसाला होणारे चार-पाच प्लाझमोडियम एकमेकांचे जवळचे नातलग आहेत की माकडांतल्या परजीवींचे?' हा प्रश्न आहे, आणि त्याला वंशवृक्ष चालतो.

'गडचिरोलीतला फाल्सिपेरम ओडिशातल्या फाल्सिपेरमहून वेगळा आहे का?' हाही प्रश्न आहे, पण त्याला वंशवृक्ष चालत नाही. फाल्सिपेरमच्या नमुन्यानमुन्यांत ६ हजार बेसमध्ये मोजकेच फरक असतात. झाड काढलं तर एका ठिकाणाहून सगळीकडे आखूड फांद्या फुटलेल्या दिसतात आणि बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची हे सांगणारा शंभरपैकी आकडा) अगदी खाली येतो. तिथे हॅप्लोटाइपचं (एका जातीतल्या सिक्वेन्सच्या वेगवेगळ्या रूपांचं) जाळं काढा, पॉपआर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. एका जातीच्या आतला प्रश्न असेल तर जाळं आणि अनेक जातींमधला असेल तर झाड, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रोजेक्ट वाचतील.

## ३. सिक्वेन्स उतरवणं

जेनबँकेत (सिक्वेन्सच्या मोफत जागतिक साठ्यात) परजीवीचं शास्त्रीय नाव, 'मायटोकॉन्ड्रियन' हा शब्द आणि लांबीची गाळणी या तिन्ही गोष्टी एकदम लावा. प्लाझमोडियमच्या पूर्ण जिनोमसाठी ५५०० ते ६५०० ही गाळणी बरोबर बसते. फाल्सिपेरमचा संदर्भ म्हणून एम७६६११ घ्या, लांबी ५९६७ बेस.

पंधरा ते वीस सिक्वेन्स पुरे. यादी अशी बांधा: फाल्सिपेरम आणि त्याच्या शेजारी चिंपांझीतला रायकेनोवी, व्हायव्हॅक्स आणि त्याच्या शेजारी माकडांतले सायनोमोल्गी व नोलेसी, मलेरी, ओव्हाले, उंदरांतले बर्घाय आणि योएली, कोंबडीतला गॅलिनेसियम, आणि आउटग्रुप, म्हणजे झाडाचं मूळ ठरवायला घेतलेला गटाबाहेरचा नातलग, म्हणून पक्ष्यांतला ल्युकोसायटोझून. आउटग्रुप आत्ताच घ्यायचा. झाड निघाल्यावर आठवला तर अलाइनमेंटपासून (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवण्यापासून) पुन्हा सुरुवात करावी लागते.

शेजारी घेतले नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण संशोधनातच आहे. १९९१ मध्ये थोड्याच जातींच्या रायबोसोमल जनुकावरून फाल्सिपेरम पक्ष्यांच्या परजीवींच्या गटात जाऊन बसला आणि तो पक्ष्यांकडून माणसात आला असावा असा निष्कर्ष निघाला. पुढे वानरांतले परजीवी यादीत आले तशी फांदी सरकली. २०१० मध्ये गोरिलांच्या विष्ठेतून मिळालेल्या मायटोकॉन्ड्रियल सिक्वेन्समुळे फाल्सिपेरमचं मूळ गोरिलातल्या परजीवीत दिसलं.

उतरवताना होणाऱ्या चुका:

- सिक्वेन्स वर्डमध्ये चिकटवणं. वर्ड गुपचूप अक्षरं बदलतो. नोटपॅडच वापरा, साध्या मजकुराची फास्टा फाइल.
- नावात जागा सोडणं. काही सॉफ्टवेअर पहिल्या जागेपाशीच नाव कापतात आणि मग सगळ्या फांद्यांवर नुसतं 'प्लाझमोडियम' उरतं. जात, देश, जेनबँक क्रमांक या क्रमानं लिहा, मध्ये अंडरस्कोर.
- नुसतं 'ओव्हाले' लिहिलेली जुनी नोंद डोळे झाकून घेणं. २०१० पासून ओव्हालेच्या दोन वेगळ्या जाती मानतात, कर्टिसी आणि वॉलिकेरी. जुन्या नोंदीत कोणती आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही.
- केवळ संख्या वाढवायला ४८० बेसचे तुकडे मिसळणं. पक्ष्यांच्या हिवतापावरच्या अभ्यासांत सायटोक्रोम बीचा एवढाच तुकडा वापरायची पद्धत आहे. तो पूर्ण जनुकासोबत ठेवला की अर्धं अलाइनमेंट रिकामं पडतं.

> सावध: प्रत्येक सिक्वेन्स उलट ब्लास्ट करून, म्हणजे तो कोणाशी जुळतो हे जेनबँकेत शोधून, पाहा. रक्ताच्या नमुन्यातून आलेल्या नोंदींत यजमानाचा, म्हणजे माणसाचा किंवा गाईचा, सायटोक्रोम बी घुसलेला असू शकतो. "गाय मधात कशी आली" याचं उत्तर इथेच सापडतं.

## ४. दिशा, सुरुवात आणि लांबी सारखी करणं

प्लाझमोडियमचा डीएनए एकामागे एक प्रतींचा असल्यामुळे जिनोम कुठून सुरू होतो याला नैसर्गिक उत्तर नाही. ज्यानं नोंद केली त्यानं सोयीनं कुठेतरी कापलेला असतो. दोन नोंदी वेगवेगळ्या जागी कापलेल्या असल्या आणि तशाच अलाइन केल्या, तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. मुकाट्यानं कचरा जुळवून देतं.

म्हणून पूर्ण जिनोम जुळवायच्या भानगडीत पडू नका. नोंदीतल्या माहितीवरून तिन्ही जनुकं वेगवेगळी काढा आणि तीन फाइली करा. प्लाझमोडियम आणि थायलेरिया एकत्र घेणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही.

प्लाझमोडियममध्ये कॉक्स-१ आणि सायटोक्रोम बी एका धाग्यावर आहेत आणि कॉक्स-३ विरुद्ध धाग्यावर. जिनोममधून हातानं कापून घेतलात तर कॉक्स-३ उलटा-पूरक करायला विसरू नका. नोंदीतल्या जनुकाच्या दुव्यावरून थेट उतरवलात तर हे काम आपोआप होतं.

> तपासणी: प्लाझमोडियमच्या सायटोक्रोम बीची लांबी साधारण ११३० बेस यायला हवी. एखादी नोंद ९०० ची असेल तर ती अर्धवट आहे. ठेवायची असेल तर बाकीच्याही तेवढ्याच भागापुरत्या कापा, नाहीतर ती सोडा.

## ५. प्रथिनात भाषांतर करून पाहा

मेगा सॉफ्टवेअर उघडलं की जनुकीय संकेताचा तक्ता आधीपासून 'स्टँडर्ड' असतो. काही जण हुशारीनं 'पृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियल' निवडतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो. आपल्याला दोन्ही नकोत. जेनबँकेत प्लाझमोडियम आणि ट्रिपॅनोसोमाच्या मायटोकॉन्ड्रियल जनुकांना तक्ता क्रमांक ४ लावलेला असतो, बुरशी व प्रोटोझोआचा. या तक्त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, स्टॉप नव्हे. पृष्ठवंशीय तक्ता लावला तर एजीए आणि एजीजी या आर्जिनिनच्या कोडॉनवर (तीन बेसांच्या संचावर) स्टॉप पडतो आणि प्रथिनाचे तुकडे होतात.

मग मुलं काय करतात? स्टॉप दिसला म्हणून तिथला एखादा बेस खोडतात. तीन-तीन बेस वाचायची चौकट सरकते, पुढे आणखी स्टॉप येतात, आणखी खोडतात. असं खोडलेलं अलाइनमेंट दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावं लागतं.

आणखी एक घाबरायची जागा: प्लाझमोडियमच्या कॉक्स-१ आणि कॉक्स-३ च्या सुरुवातीला नेहमीचा एटीजी दिसत नाही. तो शोधत आत सरकू नका. नोंदीत दिलेली सुरुवात घ्या.

ट्रिपॅनोसोमा किंवा लेशमॅनिया घेतला असेल तर संपादन न होणारी जनुकंच घ्या: कॉक्स-१, एनडी-४, एनडी-५. बाकीच्या जनुकांत डीएनएची चौकट मोडलेली दिसेल. ती तशीच असते, सुधारू नका.

> तपासणी: जनुकाच्या मध्ये एकही स्टॉप नको. एका नोंदीत एखादा स्टॉप आला तर ती नोंद संशयास्पद. सगळ्यांत आला तर तुमचा तक्ता चुकला आहे.

## ६. अलाइनमेंट

आधी प्रथिनं जुळवा आणि त्यावरून डीएनए जुळवा. मेगामध्ये 'कोडॉननुसार जुळवा' हा पर्याय आहे, तो हेच करतो. रिकाम्या जागा तीनच्या पटीतच यायला हव्यात. एक किंवा दोन बेसची फट दिसली तर मागच्या पायरीवर जा. दोन्ही टोकांचा फाटका भाग सगळ्यांचा सारखा कापा, आणि मग डोळ्यांनी पूर्ण अलाइनमेंट एकदा सरकवून बघा. याला पर्याय नाही.

रायबोसोमल आरएनएचे तुकडे जोडायचा मोह आवरा. ते इतके आखूड आणि इतके विखुरलेले आहेत की कोणता तुकडा कोणाच्या समोर ठेवायचा हे ठरवणं हाच एक स्वतंत्र विषय आहे.

## ७. झाड काढणं

या पायरीवर सगळ्यांचा उत्साह असतो, आणि खरं तर इथे करण्यासारखं सगळ्यांत कमी आहे.

तिन्ही जनुकं एकापुढे एक जोडा, पण जनुक आणि कोडॉनची जागा यांनुसार विभाग वेगळे सांगा. कोडॉनची तिसरी जागा सगळ्यांत वेगानं बदलते. दूरच्या जातींमध्ये ती इतक्यांदा बदललेली असते की नातं सांगण्याऐवजी गोंधळ वाढवते. तिच्यासह एक झाड आणि तिच्याशिवाय एक, अशी दोन काढा. दोन्ही सारखी आली तर छान. वेगळी आली तर अहवालात दोन्ही द्या.

मॉडेल (बेस कसे बदलतात याचं गणित) स्वतः ठरवू नका, सॉफ्टवेअरला निवडू द्या. मेगात कमाल संभाव्यतेचं झाड १००० बूटस्ट्रॅपसह डिपार्टमेंटच्या जुन्या संगणकावर तासन्‌तास चालतं, आणि मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. त्यापेक्षा आयक्यू-ट्रीच्या वेब सर्व्हरवर फाइल चढवा. काम तिकडे चालू राहतं, जॉबचा क्रमांक जपून ठेवला की निकाल नंतर मोबाइलवरूनही उघडता येतो.

निकाल आला की आधी चित्र बघू नका. लॉग फाइल उघडा. त्यात प्रत्येक सिक्वेन्ससमोर बेसांच्या प्रमाणाची चाचणी पास की नापास ते लिहिलेलं असतं. परजीवींच्या या डीएनएत ए आणि टी भरपूर असतात, पण सगळ्या जातींत सारखे नाहीत. बरेच सिक्वेन्स नापास असतील तर केवळ प्रमाण सारखं म्हणून दोन दूरच्या जाती जवळ आलेल्या असू शकतात. तंतोतंत सारखे सिक्वेन्सही तिथेच सांगितलेले असतात, त्यातला एक ठेवा.

## ८. झाड वाचणं

> तपासणी: फाल्सिपेरमशेजारी रायकेनोवी, व्हायव्हॅक्सच्या गटात सायनोमोल्गी आणि नोलेसी, बर्घायशेजारी योएली. या जोड्या लागल्या नसतील तर नवा शोध लागला असं समजू नका. पायरी ३ वर परत जा.

आयक्यू-ट्रीचं झाड मुळाशिवायचं असतं. चित्रात मूळ दाखवल्यासारखं दिसतं, पण आउटग्रुप सांगितला नसेल तर फाइलमधला पहिलाच सिक्वेन्स तिथे बसवलेला असतो. ल्युकोसायटोझूनवर मूळ नेऊन मगच अर्थ लावा. आणि 'दूरचा म्हणजे चांगला' असं समजून थायलेरियाला प्लाझमोडियमचा आउटग्रुप करू नका. त्याची फांदी इतकी लांब येते की प्लाझमोडियममधल्याही लांब फांद्या तिच्याकडे ओढल्या जातात.

आकड्यांचंही तसंच. नेहमीच्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० ला लोक बरं मानतात. आयक्यू-ट्रीचा जलद बूटस्ट्रॅप वेगळा आहे, तिथे ९५ च्या खाली भरवसा ठेवत नाहीत. ८२ आला म्हणून 'भक्कम आधार' लिहिलेले अहवाल मी दरवर्षी परत पाठवतो.

प्लाझमोडियममध्ये हा डीएनए फक्त मादी युग्मकाकडून पुढे जातो. म्हणजे तीन जनुकं जोडली तरी साक्ष एकाच वंशरेषेची. केंद्रकातली जनुकं वेगळी गोष्ट सांगू शकतात. म्हणून 'प्लाझमोडियमचा वंशवृक्ष' न लिहिता 'मायटोकॉन्ड्रियल जनुकांवरचा वंशवृक्ष' असं लिहा.

> सावध: फांद्यांवर वर्षं टाकू नका. 'दहा लाख वर्षांत २ टक्के' हा दर प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएसाठी वापरला जातो, परजीवींना तो लावायला काहीही आधार नाही. काळाचा प्रश्न या प्रोजेक्टमध्ये नकोच.

## ९. जमा करण्याआधी

अहवालासोबत जेनबँक क्रमांकांचा तक्ता, अलाइनमेंटची फाइल, लॉग फाइल आणि कच्चं झाड अशा चार गोष्टी सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्या. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, जनुकीय संकेताचा तक्ता क्रमांक आणि निवडलं गेलेलं मॉडेल पद्धतीच्या प्रकरणात लिहा. यादीतून काढून टाकलेल्या नोंदी कारणासह वेगळ्या लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यांच्यावरच येतो.